सहानंतरची गोळी

टाचणीबाईंचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर ठळक अक्षरांत रंगवलेलं आहे, पण ते वाचायच्या भानगडीत कुणी पडत नाही. अंगकाठी किरकोळ, जीभ टोकदार आणि कॉलरला कायम चार टाचण्या खोचलेल्या. अशा बाईला दुसरं काय म्हणणार? हे नाव त्यांना स्वतःलाही मनापासून आवडतं. कपडे शिवणं हा त्यांचा धंदा आणि पिस्तुलानं निशाण टिपणं हा त्यांचा नाद. दोन्हीबद्दल त्यांचं मत एकच आहे: श्वास धरायचा, हात हलू द्यायचा नाही आणि मध्येच कुणी बोललं तर त्याला बाहेर काढायचं.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. मागे कापडाचे गठ्ठे, मध्ये कटिंगचं टेबल, आणि अगदी पुढे, रस्त्याकडच्या काचेला चिकटून, शिलाई मशीन. उजेडासाठी मशीन तिथे ठेवलंय असं त्या गिऱ्हाइकांना सांगतात. हे सपशेल खोटं आहे. काचेतून समोर ट्रेझरीची दगडी इमारत दिसते आणि इमारतीच्या दाराशी त्यांचा नवरा दिसतो, म्हणून मशीन तिथे आहे. लग्नाच्याही आधीपासून ते तिथेच आहे.

नवरा ट्रेझरीचा पहारेकरी. सकाळी दारावर उभं राहिलं की हे पहारेकरीबुवा टोपीला दोन बोटं लावून रस्त्यापलीकडे बघतात. टाचणीबाई उत्तरादाखल कात्री उंच धरतात. मग दिवसभर दोघं आपापल्या कामात असतात, पण मान वर केली की समोरचं माणूस जागेवर आहे एवढं कळतं. संसार म्हणतात तो हाच, असं टाचणीबाईंचं ठाम मत.

त्यांची ओळख झाली तीही या नोकरीमुळेच. कमरेला रिव्हॉल्व्हर, ते लोखंडाचं, वजनदार. त्याच्या ओढीनं पँटचा उजवीकडचा, पट्टा अडकवायचा लूप तुटायचा. तरुण पहारेकरी तुटका लूप घेऊन पहिल्यांदा दुकानात आला, तेव्हा टाचणीबाईंनी दुहेरी कापड लावून तो असा शिवला की ट्रेझरी पडली असती पण लूप पडला नसता. तरी पंधरवड्यात स्वारी परत हजर! लूप तुटलेला. त्यांनी शिवण उजेडात धरली. दोरे ताणून तुटले नव्हते, स्वच्छ कापले गेले होते.

"हे ब्लेड दाढीचं दिसतंय," त्या म्हणाल्या.

"हो," तो म्हणाला आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. त्याच वर्षी लग्न झालं.

नेमबाजीचा नाद मात्र फार उशिरा लागला. गावाबाहेरच्या नेमबाजी क्लबाच्या मास्तरांनी जाड कापडाची जाकिटं शिवायला टाकली होती. ती पोचवायला टाचणीबाई गेल्या आणि मास्तरांनी सहज म्हणून नेमबाजीचं पिस्तूल हातात दिलं. लहान काडतुसांचं, लाकडी मुठीचं, बोट टेकलं की सुटेल इतक्या हलक्या चापाचं. टाचणीबाईंनी सुईत दोरा ओवताना धरतात तसा श्वास धरला. गोळी काळ्या वर्तुळात गेली. दुसरीही गेली. तिसरीला मास्तरांनी चष्मा काढून पुसला. त्या दिवशी त्या घरी आल्या त्या चालत नव्हेच, तरंगत. भाजीत मीठ तीनदा पडलं आणि जेवताना तक्रार झाली तशा त्याच हसत सुटल्या.

"रिव्हॉल्व्हर होतं ना?" पहारेकरीबुवांनी विचारलं.

"नाही. पिस्तूल."

बुवांनी हातातला घास खाली ठेवला. बायकोनं परक्या घराण्याशी सोयरीक जुळवून आणावी तसा त्यांचा चेहरा झाला.

तेव्हापासून त्या घरात वादाला विषय कमी पडला नाही. सोबत बुवांची धाकटी बहीण राहायची, म्हणजे टाचणीबाईंची नणंद. दाराची कडी वाजली तरी दचकणारी ही बाई जेवताना दोन तोफांच्या मध्ये बसायची.

"तुझं पिस्तूल अडकतं," बुवा म्हणायचे. "एक रिकामी पुंगळी तिरकी बसली की संपलं, बसा डोकं खाजवत. माझ्या रिव्हॉल्व्हरचं तसं नाही. एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा. चक्र फिरतं, पुढचं हजर! चोर काय तोवर थांबणार आहे?"

"आणि सहा गोळ्या संपल्यावर थांबतो वाटतं चोर? तुम्ही एकेक भरत बसा, तो बिचारा हाताची घडी घालून उभा राहील. आमचं रिकामं मॅगझिन पडतं, गोळ्यांनी भरलेलं दुसरं बसतं, दोन श्वासांत काम."

"सहा पुरतात."

"इतक्या वर्षांत किती लागल्या?"

"एकही नाही."

"मग एवढं वजन कशाला वागवलंत? एका गोळीचंच घ्यायचं होतं!"

नणंद हसायला लागायची आणि पाणी नाकात जायचं. बुवा मात्र हटायचे नाहीत. त्यांना आपल्या रिव्हॉल्व्हरचं सगळ्यात मोठं कौतुक होतं ते त्याच्या प्रामाणिकपणाचं. चक्र बाजूला पाडलं की सहाच्या सहा भोकं डोळ्यांसमोर. भरलेलं आहे की रिकामं, सगळा कारभार उघडा. पिस्तुलाचं काय? मॅगझिन काढलं तरी एक गोळी नळीत दडून बसलेली असते. असल्या आतल्या गाठीच्या वस्तूवर त्यांचा विश्वास बसेना.

टाचणीबाईंनी एकदा क्लबातलं रिव्हॉल्व्हर चोरून चालवून पाहिलं होतं. चाप ओढता ओढता बोट दमलं, पण गोळी सुटेना. आणि सुटली ती कागदाला न विचारताच मागच्या मातीच्या बांधात गेली. मास्तर हसले. "वहिनी, पहाऱ्याच्या हत्याराला चाप असाच लांब आणि जड बरा. घाईत काढलं तरी चुकून सुटत नाही. नेमबाजीला हलका हवा. आता हा मागचा घोडा आधी अंगठ्यानं ओढून ठेवा आणि बघा." त्यांनी तसं केलं आणि गोळी काळ्यात गेली. म्हणजे बुवांचं अगदीच चुकत नव्हतं. घरी मात्र टाचणीबाईंनी याबद्दल चकार शब्द काढला नाही. वाद चांगला रंगात असताना मध्ये खरं बोलून रंगाचा भंग कशाला करायचा?

आणि मग ट्रेझरीत हुकूम आला. जुनी रिव्हॉल्व्हरं जमा करा. यापुढे दाराशी पिस्तूलच. वेळेच्या आत दहा गोळ्या झाडायच्या, त्यातल्या आठ चौकटीत बसल्या पाहिजेत. बसल्या नाहीत तर हत्याराचं काम बंद, आणि माणूस तळघरात, येणाऱ्याजाणाऱ्यांना बिल्ले देण्याच्या खिडकीवर.

बुवा हे सांगताना फार बेफिकिरीनं सांगत होते. तळघरात बसायला खुर्ची आहे, पंखा आहे, ऊन नाही. टाचणीबाईंनी त्यातून एकच गोष्ट हेरली. तळघराला रस्त्याकडे खिडकी नव्हती. उद्या मान वर केली तर दारात दुसराच कुणी मिशीवाला उभा असणार, आणि आपण कात्री उंच धरली तर तो पोलीस बोलावणार. मशीन इथे ठेवायचं तरी कशासाठी?

"तुम्हाला मी शिकवते," त्या म्हणाल्या.

"तू नेमबाजीवाली," बुवा म्हणाले. "कागदाला छिद्र पाडणं वेगळं, पहारा वेगळा. मी बघतो माझं."

परीक्षा क्लबाच्याच मैदानावर व्हायची होती आणि घेणार होते मास्तरच, म्हणून पहारेकऱ्यांना सरावही तिथेच. पहिल्या दिवशी बुवांनी सहा गोळ्या झाडल्या. सहाही चौकटीत! आणि सातवीच्या वेळी त्यांच्या अंगठ्यानं, कुणालाही न विचारता, पुढे ढकललं. रिव्हॉल्व्हर असतं तर तिथली कळ सरकून चक्र उघडलं असतं. पिस्तुलात त्याच जागी मॅगझिन सोडायचं बटण होतं. तीन काडतुसं पोटात असलेलं मॅगझिन धाडकन बुवांच्या पायाच्या अंगठ्यावर पडलं.

दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा बुवांनी पाय आधीच बाजूला घेतला, यापलीकडे प्रगती नाही. सगळा जन्म सहा म्हणजे संपलं असं शिकलेला तो अंगठा. त्याला दहापर्यंत मोजता येतच नव्हतं.

टाचणीबाईंबरोबर घरी परतताना बुवा लंगडत होते. कोपऱ्यावर आल्यावर त्यांनी घसा साफ केला.

"ते… तू म्हणत होतीस ते."

"काय म्हणत होते?"

"आता वदवून घेणार का माझ्याकडून?"

"हो," टाचणीबाई म्हणाल्या. बुवांनी रस्त्यात उभं राहून, शेजारच्या न्हाव्याला ऐकू जाईल अशा आवाजात, "शिकव," असं म्हटलं.

झालं! घराची शाळा झाली. क्लबातून सरावाचं प्लास्टिकचं पिस्तूल आणलं होतं, ज्यातून काही म्हणजे काही सुटत नाही. टाचणीबाईंनी शिवणाच्या डब्यातून पत्र्याचं अंगुस्तान काढलं, सुई बोचू नये म्हणून बोटात घालतात ते, आणि नवऱ्याच्या अंगठ्यावर चढवलं. अंगठा बटणाकडे वळला की पत्रा वाजायचा: टक! लगेच टाचणीबाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "ऐकलं हं मी!" नणंदेलाही हा खेळ आवडला. दादा पेपर वाचत असला तरी ती मागून हळूच "सहा" म्हणायची, आणि दादाचा अंगठा आपोआप उडायचा. चहाच्या कपावर टक, दाराच्या मुठीवर टक. अंगुस्तान घालूनच बुवा झोपले आणि स्वप्नात पलंगाच्या कठड्याला वाजवत राहिले.

दुसरं दुखणं स्लाइडचं. पिस्तुलावरचा तो सरकता भाग मागे खेचून सोडला की पहिली गोळी नळीत जाते. बुवा तो असा अलगद सरकवायचे, जणू घरात तान्हं बाळ निजलंय, आणि हातानं धरूनच पुढे सोडायचे. अर्थातच काडतूस मध्येच अडकायचं. "बघ, अडकलं!" म्हणून बुवांना वर आनंद.

"ते अडकत नाही, तुम्ही अडकवता," टाचणीबाई म्हणाल्या. "कापड फाडताना काय करतात? कातरायचं इवलंसं, एक टोक घट्ट धरायचं, आणि दुसरं मागे! टर्रर्र! मध्ये विचार करायचा नाही. विचार केला की कापड वाकडं जातं."

त्यांनी चिंध्यांचं गाठोडं पुढ्यात ओतलं. बुवांना ही कला भलतीच मानवली. संध्याकाळभर घरात टर्रर्र, टर्रर्र. चिंध्या कधी संपल्या आणि हात कुठे पोचला ते त्यांनाही कळलं नाही. नणंद किंचाळली तेव्हा तिच्या नव्या उशीच्या अभ्र्याचे दोन समसमान भाग झाले होते. "सरळ फाटलाय पण," टाचणीबाई कौतुकानं म्हणाल्या.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मैदानावर खऱ्या गोळ्यांचा सराव. टाचणीबाई नवऱ्याच्या उजव्या हाताला उभ्या होत्या, आणि तीच चूक. पिस्तूल आपली पुंगळी स्वतःच उजवीकडे उडवतं. रिव्हॉल्व्हरवाला माणूस घरात इतकी वर्षं. त्याच्या पुंगळ्या सभ्यपणे आत बसून राहतात, आपण काढू तेव्हा निघतात. आणि स्वतः नेम धरणारी बाई पुंगळीच्या वाटेत कशाला उभी राहतेय? बुवांची सातवी गोळी सुटली, आयुष्यातली पहिली सातवी गोळी, आणि तापलेली पुंगळी थेट टाचणीबाईंच्या कॉलरमधून पाठीत उतरली.

त्या उडाल्या. एका पायावर उडाल्या, दुसऱ्यावर उडाल्या, हात मागे टाकून गोल फिरल्या. बुवांच्या कानांत बोळे, त्यांना काही ऐकू येईना. त्यांना एवढंच दिसलं की सातवी गोळी बसली आणि बायको नाचतेय. बुवांनी पिस्तूल रीतसर रिकामं करून टेबलावर ठेवलं, आणि तेही नाचायला लागले. मास्तर शिट्टी फुंकत धावले. "शिस्त! मैदानावर शिस्त!" तोवर पुंगळी खाली पडली होती आणि टाचणीबाई रडेपर्यंत हसत होत्या. पाठीवर फोड आला तो त्यांनी नंतर आठवडाभर कौतुकानं मिरवला.

परीक्षेच्या सकाळी हसू मात्र कुठच्या कुठे पळालं. टाचणीबाई दोरीच्या मागच्या बाकावर बसल्या. हातात रुमाल, कॉलरला टाचण्या. इथे बोलायला बंदी. बुवा रेषेवर उभे, कमरेला पिस्तूल आणि पट्ट्यावर भरलेलं एक जादा मॅगझिन.

शिट्टी वाजली. एक, दोन, तीन… टाचणीबाईंचे ओठ हलत होते. पाच. सहा.

आणि अंगठ्यानं घात केला. इतकी टकटक, इतकं अंगुस्तान, सगळं पाण्यात! मॅगझिन खाली पडलं. रांगेतले दोन पहारेकरी फिसकन हसले. टाचणीबाईंना दारातला मिशीवाला दिसायला लागला.

पण बुवा खाली वाकले नाहीत. आतल्या गाठीची वस्तू, एक गोळी नळीत दडवून बसते, यावर ते वर्षानुवर्षं भांडले होते. आज ती दडलेली गोळीच कामाला आली. त्यांनी नेम तसाच धरला आणि सातवी झाडली. मग पट्ट्यावरचं मॅगझिन काढलं, खटकन बसवलं, चाप ओढला.

टक.

नळी रिकामी होती. बुवांनी रिव्हॉल्व्हरवाल्याच्या सवयीनं पुन्हा चाप ओढला. पुढची आपोआप येईल म्हणून. पुन्हा टक. इथे चक्र नव्हतं, पुढचं काही येणार नव्हतं. मास्तरांनी शिट्टी तोंडाशी नेली. स्लाइड, अहो स्लाइड! बोलायला बंदी, पण टाचणीबाईंचे हात आपसूक चालले. एक टोक घट्ट धरलं गेलं, दुसरं मागे गेलं, आणि रुमालाचे दोन तुकडे झाले. नेमक्या त्याच क्षणी, त्यांच्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या बुवांनी स्लाइड धरली आणि विचार न करता मागे फाडली.

आठवी गोळी सुटली आणि शिट्टी वाजली. दोन गोळ्या झाडायच्या राहून गेल्या. म्हणजे आठच्या आठ बसल्या असतील तर आणि तरच पास.

मास्तर कागदाकडे चालत गेले. इतकं सावकाश चालणारा माणूस टाचणीबाईंनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी छिद्रांवरून बोट फिरवलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बोट फिरवलं. शेवटचं छिद्र चौकटीच्या रेघेवर होतं.

"रेघेला लागलं म्हणजे आत," मास्तर म्हणाले. "आठ."

टाचणीबाई दोरी ओलांडून गेल्या की दोरीखालून, हे त्यांना आजही सांगता येत नाही. नवऱ्याच्या गळ्यात पडायचं की त्याच्या अंगठ्याला चिमटा काढायचा हे न ठरल्यामुळे त्यांनी दोन्ही केलं. त्यांच्या मुठीत फाटका रुमाल होता. बुवांनी तो पाहिला आणि म्हणाले, "सरळ फाटलाय."

त्याच दुपारी बुवांनी रिव्हॉल्व्हर जमा केलं. देण्याआधी चक्र उघडून सहाही भोकांतून एकदा उजेडाकडे पाहिलं आणि ते कोठारवाल्याच्या हातात ठेवलं. घरी आल्यावर टाचणीबाईंनी चहा पुढे केला आणि त्या म्हणाल्या, "तुमचं रिव्हॉल्व्हर मी चालवून पाहिलंय. घोडा ओढून ठेवला की फार गोड चालतं." बुवांनी मान वर केली. घरातल्या एका जुन्या वादाचा निकाल आपल्या बाजूनं लागलाय हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, पण मग त्यांनी दोन कप चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाचणीबाई मशीनवर बसल्या. मान वर करायला त्यांना उगाच धीर होईना. मग केली. दारात बुवा उभे होते, कमरेला नवं पिस्तूल, टोपीला दोन बोटं. टाचणीबाईंनी कात्री इतकी उंच धरली की वरच्या दिव्याला लागली. त्यांना वाटलं, रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाला थांबवून सांगावं, बघा, ते बघा, आमचे हे दारातच आहेत.

दुपारच्या सुट्टीत दुकानाची घंटी वाजली. बुवा आत आले, अवघडून उभे राहिले आणि त्यांनी कमरेकडे बोट दाखवलं. उजवीकडचा लूप लोंबत होता.

"नव्या पिस्तुलाचं वजन," ते म्हणाले.

पिस्तूल रिव्हॉल्व्हरपेक्षा चांगलंच हलकं होतं. टाचणीबाईंनी लूप उजेडात धरला. दोरे ताणून तुटलेले नव्हते.

"हे ब्लेड दाढीचं दिसतंय," त्या म्हणाल्या.

"हो," बुवा म्हणाले आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले.